अनुभव धागा: जास्त पळालेल्या ट्रकचं टॅपेट सेटिंग

गळीत हंगाम तोंडावर आला की सातारा-सांगलीच्या गॅरेजांत उसाच्या गाड्यांची रांग लागते. ब्रेक, पाटे, टायर सगळं बघून होतं. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी आणि तिला दाबणारा रॉकर यांच्यातला गॅप, मात्र ‘आवाज येत नाही ना, मग राहू द्या’ म्हणून राहतात, आणि जास्त पळालेल्या इंजिनात नेमकं तेच महागात पडतं. ज्यांच्या हाताखालून ही कामं रोज जातात त्यांनी इथे लिहा. इंजिन कुठलं, आकडा किती, बिघाड कशामुळे, हे स्पष्ट लिहा. ‘साधारण एवढं’ नको.

कराड, डिझेल मिस्त्री

ढिला टॅपेट बोंबलतो, घट्ट टॅपेट गप्प बसतो. म्हणून जुन्या इंजिनाचा टॅपेट कानावर ठरवू नका. गाडी पळेल तसा व्हॉल्व्ह सीट (मिटल्यावर तो टेकतो ती कडी) खात खात हेडमध्ये वर सरकतो, दांडीचं टोक तेवढंच रॉकरकडे चढतं आणि गॅप आपोआप कमी होतो. ताप जास्त असल्यामुळे बहुधा आउटचा (जळका गॅस बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा) आधी होतो. गॅप संपला की गरम इंजिनात व्हॉल्व्ह पुरता बसत नाही. आउट व्हॉल्व्ह आपली बहुतेक उष्णता सीटला टेकल्यावरच हेडला देतो. टेकलाच नाही तर त्याचा काठ जळतो, तिथून गॅस निसटतो आणि काठाला खाच पडते. पुण्याकडून येताना भरल्या गाडीने खंबाटकी चढायची किंवा चिपळूणहून कुंभार्ली, तिथे असा व्हॉल्व्ह लवकर जातो. पाय पूर्ण खाली, वेग कमी, एक्झॉस्टचा ताप टोकाला.

आता बारा व्हॉल्व्हचं कमिन्स ६बीटी, ५.९ लिटर. इन (हवा आत घेणारा) ०.२५ मिलिमीटर म्हणजे १० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), आउट ०.५१ म्हणजे २० थाऊ. पाणी ६० अंशांच्या खाली हवं, त्यामुळे रात्री उभी केलेली गाडी सकाळी धरावी. न्यूट्रल, चाकाखाली ठोकळे, बॅटरीची तार काढलेली. सहा सिलिंडरची सहा कव्हरं वेगवेगळी आहेत, ती ज्याची त्याला परत लावा. इंजिन फिरवायला फ्लायव्हील हाउसिंगमधून बारिंग टूल लावा. गिअर हाउसिंगवरची टायमिंग पिन बोटाने आत दाबून धरा आणि दुसऱ्याला इंजिन हळू फिरवायला सांगा. पिन कॅम गिअरच्या भोकात शिरली की एक नंबर टीडीसीवर (पिस्टन सगळ्यात वर), कॉम्प्रेशनला. पिन लगेच बाहेर ओढा. आत राहिली आणि इंजिन फिरलं तर तुटतेच.

या जागेवर सहा टॅपेट होतात: १ इन, १ आउट, २ इन, ३ आउट, ४ इन, ५ आउट. पुलीवर खडूने खूण करून क्रँकला बरोबर एक फेरा द्या, मग उरलेले सहा: २ आउट, ३ इन, ४ आउट, ५ इन, ६ इन, ६ आउट. चेक नटला १४ चा रिंग पाना, ताकद २४ न्यूटन मीटर. नट आवळताना स्क्रू थोडा सोबत फिरतो, म्हणून आवळल्यावर पत्ती (गॅप मोजायची फिलर गेजची) पुन्हा घाला. घाईत ही शेवटची पत्ती घालायची राहते आणि बारापैकी दोन-तीन टॅपेट घट्ट होऊन बसतात.

सातारा एमआयडीसी, गॅरेज

कराडच्या अण्णांनी दोन फेऱ्यांची रीत दिली, ती त्याच इंजिनाची. टाटाच्या ६९७ ला किंवा लेलँडला वरचे आकडे लावू नका. ज्याचं पुस्तक किंवा प्लेट, त्याचा आकडा.

पिन नसेल, खूण पुसली असेल, तर सिलिंडरच्या जोडीने करा. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४ असेल तर बेरीज सात ध्यानात ठेवा. सहाचे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम हलतात, आउट वर येतोय आणि इन खाली निघालाय, त्या क्षणी एकचे दोन्ही सेट करायचे. दोन हलतात तेव्हा पाच, चार हलतात तेव्हा तीन, आणि उलटही. चार सिलिंडरच्या १-३-४-२ ला बेरीज पाच. इन कुठला, आउट कुठला याचा घोळ झाला तरी हीच हालचाल बघा: इंजिन चालतं त्याच दिशेने फिरवल्यावर मिटतोय तो आउट, उघडतोय तो इन. रीत सावकाश आहे, पण चुकत नाही.

मिरज, रॉकर आणि बुशचं काम

पत्ती बरोबर अडकते, तरी टकटक जात नाही, ही तक्रार जुन्या गाडीत कायमची. रॉकर उलटा करून व्हॉल्व्हवर टेकतो त्या तोंडावर अंगठ्याचं नख आडवं ओढा. मधे नख अडकलं म्हणजे तिथे दांडीने खळगा पाडलाय. फिलर गेजची पत्ती सपाट. ती खळग्याच्या दोन काठांवर पुलासारखी बसते आणि खालची जागा मोजतच नाही. पत्ती २० म्हणते तेव्हा खरा गॅप त्याहून जास्त असतो. अशा रॉकरचं तोंड मशीनवर मूळ गोलाईत घासून घ्यावं, घासायला जागा नसेल तर रॉकर बदलावा. तोवर डायल गेज लावून रॉकर वरखाली हलवा, खरा आकडा तोच.

पत्तीची ओढ हाताला कळली पाहिजे. २० सरकताना थोडी अडते, २२ शिरत नाही, एवढं मिळालं की पुरे. दोन पत्त्या एकावर एक ठेवायची वेळ आली तर आधी तेल पुसा, मधल्या तेलाने आकडा बदलतो. वाकलेली पत्ती सरळ फेका.

रॉकर ज्यावर हलतो त्या साफ्टचा बुश खालून झिजलेला असतो. रॉकर हाताने आडवा हलवून बघा. कव्हर उघडंच ठेवून थोडा वेळ आयडलला चालवा आणि प्रत्येक रॉकरला तेल येतंय का बघा. एखादा कोरडा दिसला तर टॅपेट सेट करून उपयोग नाही, तेलाची वाट आधी मोकळी करा.

तासगाव

हेड उघडून नवीन पॅकिंग टाकलं असेल तर आधी हेडचे बोल्ट पुस्तकाच्या क्रमाने आणि ताकदीने बघा, टॅपेट त्यानंतर. बोल्ट नंतर आवळले की गॅप परत बदलतो. पुशरॉड (रॉकरला खालून ढकलणाऱ्या दांड्या) काढलेच असतील तर काचेवर लोळवा, वाकलेला लगेच उड्या मारतो.

आटपाडी, गाडीमालक

दादा, दर किती किलोमीटरला करायचं? आणि दरवेळी सेट करूनही एकाच सिलिंडरचा बिघडत असेल तर?

सांगली, हेड आणि सीटचं मशीन काम

पहिल्या प्रश्नाला पुस्तकातला टप्पा पाळा. मात्र तुमची गाडी टिपर असेल किंवा तासन्‌तास जागेवर चालत असेल तर किलोमीटर फसवतात, तास धरा.

दुसरा प्रश्न खरा महत्त्वाचा, भाऊ. सेट करायच्या आधी बाराही आकडे वहीत लिहा, तारीख आणि किलोमीटरसकट. नुसतं ‘टॅपेट केले’ लिहिलेल्या बिलातून काहीच कळत नाही. समजा ४ आउट २० वर ठेवला होता, पुढच्या वेळी १४ मिळाला, त्यापुढच्या वेळी परत १३, आणि बाकीचे सगळे १९-२० ला आहेत. तो व्हॉल्व्ह सीटमध्ये बुडतोय किंवा त्याचा माथा ओढला जातोय. दर खेपेला गॅप वाढवून देणं म्हणजे दुखणं झाकणं आहे. हेड उतरवा, सीट बदला, गाइडची (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळीची) ढिलाई मोजा, कारण गाइड ढिला असेल तर नवीन सीटही एका बाजूने खाल्ली जाते. इंजेक्टर आणि एअर क्लीनरही बघा. जास्त ताप तिथून येतो.

उलट, गॅप दरवेळी वाढत असेल तर झीज वरच्या साखळीत आहे: रॉकरचं तोंड, स्क्रूचा गोळा, पुशरॉडची वाटी, नाहीतर कॅमवर टेकणाऱ्या टॅपेटच्या सुट्या भागाचा तळ आणि कॅम. ऑइल बदलताना फिल्टर कापून घडी उलगडा. चकचकीत पोलादी कण दिसले तर कॅमकडे आधी बघा.

हेड उतरवायचंच का, याची खात्री हवी असेल तर तो सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीला आणून इंजेक्टरच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा द्या. क्रँक फिरू नये म्हणून लॉक करा, पंख्याजवळ हात नको. फुसफुस सायलेन्सरमधून आली तर आउट, एअर क्लीनरकडून आली तर इन, ऑइल भरायच्या तोंडातून जास्त आली तर रिंगा.

शिरवळ, पंप-नोजल

गार इंजिन उशिरा घेतंय, सुरुवातीला पांढरा धूर, आयडलला मिसिंग, आणि टॅपेटचा आवाज काहीच नाही, अशी गाडी आली की नोजलआधी टॅपेट बघा. जुन्या लाइन पंपाच्या गाडीत आयडलला एकेका नोजलचा पाइप नट थोडा ढिला करा. ज्याने इंजिनाच्या चालीत फरक पडत नाही तो सिलिंडर मेलाय, गॅप तिथलाच आधी मोजा. ही रीत कॉमन रेलच्या (एकाच नळीत दाब धरून सगळ्या नोजलना डिझेल देणाऱ्या) गाडीला अजिबात करू नका. त्या पाइपातला दाब हजार बारच्या वर जातो, डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते. तिथे स्कॅनर लावून सिलिंडर एकेक बंद करून बघा.