नाताळात ऊसतोड मजुरांच्या मुलांना मदत करायची आहे: काय द्यावं, कधी द्यावं?

प्रश्न: प्रवरातीर

सर्वांना जय ख्रिस्त आणि नमस्कार.

श्रीरामपूर तालुक्यातल्या आमच्या चर्चच्या मंडळीच्या तरुण संघातर्फे विचारतो आहे. जवळच्या तळावर ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या आहेत. बहुतेक कुटुंबं पाथर्डी, शेवगाव आणि बीडकडची. कोप्या (मजुरांच्या झोपड्या) मोजून झाल्या. सहा ते चौदा वयाची ५८ मुलं आहेत: पहिली-दुसरीच्या वयाची २०, तिसरी ते पाचवीची २४, सहावी ते आठवीची १४. त्यातली ३१ जवळच्या जिल्हा परिषद शाळेत जातात. बाकीची २७ कुठेच जात नाहीत, तळावर धाकट्यांना सांभाळतात किंवा उसाच्या फडात वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करतात.

हातात ३२ हजार आहेत. कॅरल पार्टीतून (घरोघर नाताळची गाणी म्हणून) अजून साधारण १५ हजार जमतील. बेत असा: २४ तारखेच्या रात्री तळावर जाऊन गाणी म्हणायची, सांताक्लॉजच्या हातून प्रत्येकाला दप्तर, केक आणि मेणबत्ती द्यायची. यात काय बदलावं? स्वेटर घ्यायचे तर मापं कशी ठरवायची? आणि शाळेची परवानगी लागते का?

---

उत्तर १: खडूफळा

आधी तारीख बदला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नगरकडची थंडी बोचायला लागते आणि कोपीत ती खालून, जमिनीतून चढते. उबदार कपडे २४ तारखेला दिलेत तर निम्मी थंडी मुलांनी उघड्यानं काढलेली असेल. हातातले ३२ हजार आत्ताच कपड्यांवर आणि वह्यांवर घाला, कॅरलचे पैसे मागाहून येतील ते जानेवारी ते मार्चसाठी ठेवा. त्या महिन्यांत तळावर कोणीच फिरकत नाही.

रात्रीचा कार्यक्रम तर नकोच. ही माणसं पहाटे तीन-चारला उठतात आणि आठ वाजता झोपलेली असतात. गाडीवान टोळी असेल तर बैल कोप्यांना लागूनच बांधलेले असतात. ढोल आणि वेषातला माणूस बघून बैल बुजतात, आणि तिथेच लहान मुलं निजलेली असतात.

मेणबत्ती यादीतून काढाच. कोपी म्हणजे बांबू, चटया, पाचट आणि वरून प्लास्टिकचा कागद. एक ठिणगी पुरते. उजेड द्यायचा असेल तर सौर दिवा द्या. पण दिवसा तळावर मोठं माणूस नसतं आणि पॅनेल चोरीला जातं. म्हणून दिवे शाळेच्या गच्चीवर चार्ज करायचे आणि सुटताना मुलांच्या हाती द्यायचे. दिव्यासाठी का होईना, मूल सकाळी शाळेत येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ती २७ मुलं शाळेत बसवणं हीच तुमची सगळ्यात मोठी भेट ठरेल, आणि तिला जवळजवळ पैसे लागत नाहीत. शाळेत नाव लागलं की रोज गरम जेवण सुरू होतं. पोषण आहारात पहिली ते पाचवीला रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम तांदळाचं प्रमाण आहे. एका केकपुढे चार महिन्यांचं जेवण कितीतरी मोठं.

पद्धत अशी. स्थलांतर करणाऱ्या मुलाला मूळ गावच्या शाळेनं शिक्षण हमी पत्रक द्यायचं असतं. ते दाखवलं की इथली शाळा त्याला बसवून घेते. टोळी आणणाऱ्या मुकादमाचा ट्रक अचानक येतो, पत्रक राहून जातं, आणि मग पालकांना वाटतं की कागद नाही म्हणजे शाळा नाही. तसं नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार दाखला यायला उशीर झाला किंवा वयाचा पुरावा नसला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. तुमच्यातल्या दोघांनी एक संध्याकाळ काढून प्रत्येक मुलाचं नाव, मूळ गाव, शाळा आणि इयत्ता लिहून घ्या. ती यादी इथल्या मुख्याध्यापकांना द्या आणि मूळ शाळांना फोन लावून पत्रकं मागवा.

खरी अडचण मात्र कागदाची नसते. तान्ह्या भावंडाला कोण बघणार, ही असते. जवळच्या अंगणवाडीत धाकट्याची सोय झाली की थोरली बहीण मोकळी होते. अंगणवाडी सेविकांशी त्याच आठवड्यात बोला.

---

उत्तर २: सुईदोरा

कपड्यांचं सांगते.

इयत्तेवरून माप धरू नका. या मुलांची अंगलट वयापेक्षा लहान असते, त्यामुळे चौथीच्या मापानं घेतलेला कपडा अंगात लोंबतो आणि मोठा भाऊ तो काढून घेतो. प्रत्येकाची छाती टेपनं मोजा, सदऱ्यावरून, काखेखालून. त्यात ४ इंच मिळवा. तेवढा घेर असलेला कपडा यंदा सैल बसतो आणि पुढच्या थंडीतही चालतो. बाही लांब झाली तर दुमडता येते, आखूड झाली तर काही करता येत नाही.

लेबलवरच्या आकड्यावर विसंबू नका. कोणी तो आकडा अंगाचा धरतं, कोणी कपड्याचा. दुकानात प्रत्येक मापाचा एक नग सपाट पसरा, काखेपासून काखेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. तो खरा घेर. ५८ मुलांना ६४ नग घ्या. जास्तीचे सहा मधल्या मापांचे घ्या, चुका तिथेच होतात. न वापरलेले नग बदलून देण्याची बोली आधीच करा आणि बिलावर लिहून घ्या.

कापडाबद्दल मला फार कळकळीनं सांगायचं आहे. स्वस्त स्वेटर बहुतेक ॲक्रिलिकचे असतात. ही मुलं चुलीला अगदी चिकटून बसतात, मोठ्या मुली स्वयंपाकच करतात. ॲक्रिलिक पेटलं की वितळतं आणि कातडीला चिकटतं. त्यापेक्षा आतून लव असलेला जाड सुती होजिअरीचा पूर्ण बाह्यांचा स्वेटशर्ट घ्या. सूतही पेटतं, पण वितळून अंगाला चिकटत नाही. खात्री करायची असेल तर शिवणीतला एक धागा काढून पेटवा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि भुरभुरीत राख पडते. धाग्याच्या टोकाला काळा कडक मणी झाला तर तो माल घेऊ नका.

टोपीची नाडी असलेले नग टाळा. नाडी बैलगाडीच्या चाकात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत अडकते. घेतलेच असतील तर वाटण्याआधी नाड्या ओढून काढा. रंग गडद: तपकिरी, निळा, मेंदी. पांढरा आणि फिका गुलाबी रंग काळ्या मातीत दोन दिवस टिकत नाही.

सांताक्लॉजच्या लाल टोप्यांचे पैसे वाचवा आणि कानटोप्या घ्या. पहाटे आईबापांबरोबर गाडीत बसून फडात जाणाऱ्या मुलांचे कान आधी गारठतात.

पैसे उरले तर चादरीच्या आधी खाली अंथरायचं बघा. आधी प्लास्टिकचा जाड कागद, त्यावर जाड सतरंजी. जमिनीची ओल अडली की आहे ती गोधडीही पुरते.

---

उत्तर ३: कोरीवही

दप्तरं नकोत. कोपीत दप्तर ठेवायला जागा नसते, उंदीर कुरतडतात, आणि आठवड्याभरात त्यात घरचे कपडे जातात. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला जाड कापडाची खांद्यावरची पिशवी द्या आणि आत पुस्तकांसाठी एक प्लास्टिकची पिशवी. पाठ्यपुस्तकं विकत घेऊ नका. सरकारी शाळांत आठवीपर्यंत ती मोफत मिळतात, मुलांचा संच बहुतेक गावी राहिलेला असतो. इथल्या शाळेत मागच्या वर्षीचे जुने संच असतात, मुख्याध्यापकांना विचारा. विषयाचं पुस्तक अगदीच नसेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावरून उतरवून हवे तेवढेच धडे छापा.

वह्या मात्र नेमक्या घ्या. सगळ्यांना सरसकट एकेरी वह्या देणं ही नेहमीची चूक. पहिलीचं मूल एकेरी वहीत अक्षर बसवू शकत नाही.

पहिली-दुसरी: दुरेघी २, चौकटी १, चौरेघी १. तिसरी ते पाचवी: एकेरी ४, चौकटी १, चौरेघी १. या सगळ्या १०० पानी. सहावी ते आठवी: २०० पानी एकेरी ५ आणि कंपासपेटी.

तुमच्या आकड्यांना १०० पानी २२४ वह्या आणि २०० पानी ७० वह्या लागतील. घाऊक भाव १८ आणि ३५ रुपये धरला तर ६,४८२ रुपये. पाचवीपर्यंतच्या ४४ मुलांना दहा पेन्सिलींची डबी, ४० रुपयांप्रमाणे १,७६०. कंपासपेट्या १४, ६० रुपयांप्रमाणे ८४०. मोठ्यांना प्रत्येकी चार बॉलपेनं, ५ रुपयांप्रमाणे २८०. जेलपेन नको, लवकर संपतं आणि पिशवीत गळतं. एकूण ९,३६२.

स्वेटशर्ट ६४, ३०० रुपयांना एक धरला तर १९,२००. कानटोप्या ६४, ३० रुपयांप्रमाणे १,९२०. सगळं मिळून ३०,४८२. म्हणजे हातातल्या ३२ हजारांत बसतं. भाव दुकानागणिक इकडेतिकडे होतील, तीन ठिकाणी विचारून घ्या.

---

प्रवरातीर

मनापासून आभार. मेणबत्ती आणि ॲक्रिलिकचं आमच्या डोक्यातच नव्हतं. दोन शंका. वाटप शाळेत करावं की तळावर? आणि नाताळ म्हणून काहीतरी गोड द्यावं अशी महिला मंडळाची फार इच्छा आहे. केक चालेल का?

---

उत्तर ४: खडूफळा

दोन गोष्टी दोन ठिकाणी. कपडे आणि वह्या तळावर, पालकांच्या हातात, गाजावाजा न करता. पंधरवड्याचा हिशोब होतो त्या सुमाराला किंवा बाजाराच्या दिवशी माणसं तळावर सापडतात, मुकादमाला आधी विचारून ठेवा. शाळेत पन्नास मुलांना नावं पुकारून उभं केलंत तर त्या दिवसापासून ती वर्गात 'कोपीवाली' होतात, आणि तेवढ्यावरून शाळा सोडणारी मुलं असतात. गावातलीही पाच-सहा मुलं तितक्याच गरजेची असतील. त्यांची नावं वर्गशिक्षकांना एकांतात विचारा, जास्तीचे सहा नग तिथे कामी येतील.

गोड मात्र शाळेत आणि शाळेतल्या झाडून सगळ्या मुलांना. पोषण आहारात तिथीभोजनाची सोय त्यासाठीच आहे: गावकरी किंवा संस्था एखाद्या दिवशी जेवणात भर घालू शकतात. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीला आठ दिवस आधी लेखी कळवा. २५ तारखेला शाळेला सुट्टी असते, म्हणून २३ किंवा २४. पदार्थ वाढायच्या अर्धा तास आधी शिक्षक चव घेतात, त्या हिशोबानं पोहोचा.

आणखी एक गोष्ट, आपुलकीनं सांगतो. शाळेत पत्रकं, नवा करार, प्रार्थना यांतलं काही नको. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, हे राज्यघटनेच्या कलम २८ मध्येच आहे. तळावरही नको. परमुलखात आलेल्या माणसाला मदतीच्या मागे अट आहे असं नुसतं वाटलं तरी तो मुलांना आत ओढून घेतो. कोणी विचारलं तर सरळ सांगा: आमचा सण आहे, म्हणून आलो.

मुलांचे फोटो काढू नका. देणगीदारांना हिशोब हवा असतो, तो बिलांवर आणि पालकांच्या सहीच्या किंवा अंगठ्याच्या यादीवर द्या.

---

उत्तर ५: चुलीपाशी

केकपेक्षा आपल्या नाताळच्या फराळातलं काही करा. केकमध्ये अंडं असतं आणि त्या भागातल्या कित्येक घरांत माळकरी आहेत. मुलाच्या गळ्यात तुळशीची माळ असते आणि त्याला नाही म्हणता येत नाही. शेंगदाण्याचा लाडू कोणाला वर्ज्य नाही, थंडीचा आहे, आणि चार दिवस सहज टिकतो.

शाळा धरून १५० मुलं समजा. प्रत्येकी ४० ग्रॅमचे दोन लाडू, म्हणजे ३०० लाडू, १२ किलो. कच्चे शेंगदाणे साडेसात किलो घ्या, भाजून सालं काढली की सात किलोच्या आत भरतात. गूळ साडेचार किलो, तीळ पाऊण किलो. खर्च दीड हजाराच्या आसपास.

दाणे आधी परातीत पसरून निवडा. काळे पडलेले, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे सगळे फेका, एक खवट दाणा घाणा बिघडवतो. मंद आचेवर भाजा आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम दाणे कुटले तर तेल सुटून लगदा होतो, लाडू वळतात पण दुसऱ्या दिवशी तेलकट बसतात. गूळ चिकीचा नको, साधा मऊ घ्या, किसून दाण्याच्या कुटात हातानं मळा. पाक करायची गरज नाही. कूट भरड चालेल, पण अख्खा दाणा राहू देऊ नका, कारण हा लाडू घरी जाऊन दोन वर्षांच्या भावंडाच्या तोंडात पडणार आहे आणि दाणा घशात अडकतो. चिक्की त्याच कारणानं नको. शेंगदाण्यानं अंगावर उठतं किंवा ओठ सुजतात असं कोणाचं आहे का, हे शिक्षकांना आधी विचारा आणि त्या मुलांसाठी तिळाचे लाडू वेगळ्या भांड्यात, आधी वळून ठेवा. पत्र्याच्या डब्यात कागद घालून न्या, प्लास्टिकच्या पिशवीत घाम सुटतो.

---

उत्तर ६: कोरीवही

कॅरलच्या १५ हजारांबद्दल. लाडवांचे दीड हजार वजा करा. उरलेल्यातून आधी पायात घालायचं: ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनाच, मोजून. बूट नको, जाड तळव्याची पट्ट्यांची सँडल. तुटलेल्या उसाची खोडकी पातळ तळव्यातून आरपार जाते. दुपारनंतर मुलाला कागदावर उभं करून दोन्ही पाऊलं आखा, मोठं पाऊल धरा, एक सेंटीमीटर वाढवा. कागदावर नाव लिहून तेच कागद दुकानात न्या.

बाकीचे पैसे राखून ठेवा. टोळी मधेच दुसऱ्या तळावर हलते, नवी येते, यादी बदलते. जानेवारीच्या अखेरीस वह्या संपतात, तेव्हा पुन्हा एक फेरी मारा. आणि मार्चमध्ये पट्टा पडायच्या, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपायच्या सुमाराला शेवटची फेरी चुकवू नका. त्या वेळी इथल्या शाळेनं प्रत्येक मुलाच्या हमी पत्रकावर हजेरी आणि प्रगती भरून, सही-शिक्का मारून द्यायचा असतो. ट्रक रात्रीत निघतो आणि पत्रक कपाटात राहतं. मग गावी एप्रिलच्या परीक्षेला त्या मुलाची चार महिन्यांची हजेरी कोरी दिसते. म्हणून टोळी कधी परतणार हे मुकादमाकडून दहा दिवस आधी काढा, पत्रकं भरून घ्या, प्रत्येकाची झेरॉक्स संघाकडे ठेवा आणि मूळ प्रत प्लास्टिकच्या पाकिटात घालून आईच्या हाती द्या.