सोडतीत रस्त्याच्या कार्पेटचं काम लागलंय, बिलाचा पैसा कुठून निघणार?

मोहोळ_डिप्लोमा:
सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी आहे. झेडपी चिठ्ठ्या काढून कामं वाटते, त्या सोडतीत मोहोळ तालुक्यातलं १ किमी काम लागलं. रुंदी ३.७५ मीटर, जुन्या डांबरी रस्त्यावर २० मिमी कार्पेट (खडी-डांबराचा पातळ थर) आणि सीलकोट (पाणी मुरू नये म्हणून वरचा थर). प्रशासकीय मान्यता आहे, म्हणजे पैसा आहे असं धरायचं का? डांबर रोखीनं घ्यावं लागतं. का सरळ कंपनीत नोकरी धरू?

लेखाशीर्ष_वाचा:
तसं धरू नका. मान्यता म्हणजे कामाला होकार, पैशाचा विषय वेगळा. कार्यारंभ आदेशावर (काम सुरू करायच्या पत्रावर) लेखाशीर्ष असतं, म्हणजे पैसा कुठल्या खात्यातून येणार त्याचा क्रमांक, ते बघा. ३०५४ म्हणजे देखभाल-दुरुस्ती, ५०५४ म्हणजे भांडवली काम, २५१५ म्हणजे ग्रामविकास खात्याचा गावातल्या सुविधांचा निधी. मग लेखा शाखेत विचारा: या कामाला निधी किती वितरित झाला? याच शीर्षावर आधीची किती बिलं पडून आहेत? बीडीएस, म्हणजे निधी सोडल्याची ऑनलाइन नोंद, निघतंय का? "मार्चमध्ये बघू" असं उत्तर आलं की डांबराची ऑर्डर थांबवायची.

निधी जिल्हा नियोजन समितीचा असेल तर झेडपीला तो पुढच्या आर्थिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत खर्चता येतो. त्यामुळे यंदाच्या मार्चअखेरीला रात्रीत कार्पेट ओढायची गरज नाही. आणि पंतप्रधान ग्रामसडकच्या मागं आत्ताच लागू नका. तिथं केंद्र-राज्य निधी ६०:४० असला तरी ५ वर्षांची देखभाल ठेकेदाराच्याच गळ्यात असते.

व्हीजी_३०:
हिशोब मांडून घ्या. क्षेत्र ३,७५० चौ.मी. कार्पेटला १० चौ.मी.मागे ०.२७ घनमीटर खडी आणि १४.६ किलो डांबर, म्हणजे ३६ ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट) खडी नि साडेपाच टन डांबर. सीलकोट 'बी' टाइप असेल तर १० चौ.मी.ला ६.८ किलो, आणखी अडीच टन, वर ८ ब्रास बारीक ग्रिट. टॅककोटचं (जुन्या रस्त्याला नवा थर चिकटवणारा फवारा) इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर, चौ.मी.ला पाव किलो धरलं तर ९४० किलो. खड्डे भरायचं डांबर यात नाही.

कार्पेट उखडतं ते बहुतेक वेळा धुळीमुळं. कॉम्प्रेसरनं पृष्ठभाग झाडल्याशिवाय टॅककोट मारू नका, आणि इमल्शन तपकिरीचं काळं झाल्याशिवाय माल टाकू नका. माल ९० अंशांच्या खाली जायच्या आत रोलिंग संपलं पाहिजे. प्लांट लांब असेल तर डंपरवर ताडपत्री हवीच. दुसरं दुखणं कडेचं. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि त्यावरून उसाचे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर जातात. साइडपट्टीला (डांबराच्या कडेच्या पट्टीला) कडक मुरूम भरून दाबला नाही तर कडा पहिल्याच हंगामात तुटतात. दोषदायित्व कालावधीत (काम संपल्यावर ठेकेदारानं दोष दुरुस्त करून द्यायची मुदत) ती दुरुस्ती तुमच्याच खिशातून.

पावती_जपा:
वरच्या ४४ ब्रासचं स्वामित्वधन (सरकारची रॉयल्टी) ब्रासला ६०० रुपयांनी २६,४०० होतं. खडीवाल्याकडून रॉयल्टी भरल्याचे वाहतूक पास घेतले नाहीत तर ही रक्कम बिलातून कापतात, म्हणजे एकाच खडीचे दोनदा पैसे. डांबराची रिफायनरीची पावतीही मूळ प्रतच लागते, झेरॉक्स चालत नाही. शिवाय वैयक्तिक नावावर आयकर १%, कंत्राट अडीच लाखांवर असेल तर जीएसटी टीडीएस (बिलातूनच कापला जाणारा जीएसटी) २%, कामगार उपकर १% आणि सुरक्षा ठेव कापली जाते. पहिले दोन कर पोर्टलवर जमा दिसतात, ते सोडू नका. उपकर मात्र गेला तो गेला.

मोहोळ_डिप्लोमा:
आणि नोकरीचं?

लेखाशीर्ष_वाचा:
डांबराचे पैसे व्याजानं काढावे लागणार असतील तर नोकरीच धरा, पण नुसता साइट सुपरवायझर होऊ नका. क्वालिटी कंट्रोल लॅब नाहीतर बिलिंग मागा. सँड रिप्लेसमेंटनं (खड्ड्यात वाळू भरून) थराची घनता काढणं, बिटुमेन एक्स्ट्रॅक्शन (मालात डांबर किती ते काढणं), ऑटो लेव्हलनं उंची मोजणं आणि मोजमाप पुस्तिका (बिलासाठी मापं नोंदायची वही) लिहिणं, एवढं हातात बसलं की पुढच्या सोडतीत बिल दुसऱ्याकडून बनवून घ्यावं लागत नाही.