संकटात देवावर विश्वास ठेवायचा, म्हणजे त्याला जाब विचारायचाच नाही का?

मूळ मत (अशोक चौक, सोलापूर)

यंत्रमागावरचे काम सुटलेले, पत्नी डायलिसिसवर आणि डोक्यावर कर्ज, अशा अवस्थेतील एका बांधवाने प्रार्थनासभेत मोठ्याने विचारले की देवाने मला का टाकले; तेव्हा सभा संपताच अनेकांनी त्याला बजावले, ‘कुरकुर करू नकोस, प्रभू तुझी कसोटी पाहत आहे.’ तो पुन्हा सभेस आला नाही. ज्या शहराने जुनी मिल आणि लक्ष्मी-विष्णू मिल बंद पडलेली पाहिली, तेथे हा प्रश्न एकट्या त्याचा नाही.

माझ्या मते असे बजावणे पवित्र शास्त्राला, म्हणजे बायबलला, धरून नाही. त्यातील ईयोब या नीतिमान पण संकटांनी घेरलेल्या माणसाने पहिल्या आघातानंतर परमेश्वराचे नाम धन्य म्हटले, हे आपण प्रत्येक अंत्यविधीला ऐकतो. परंतु तिसऱ्या अध्यायापासून तोच ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, देवाला वादासाठी समोर बोलावतो, आणि तरीही शेवटी परमेश्वराचा कोप भडकतो तो देवाची बाजू मांडणाऱ्या मित्रांवर. त्या मित्रांनी सात दिवस व सात रात्री ईयोबाजवळ जमिनीवर निमूट बसून राहण्याचे जे केले, तेवढेच त्यांचे योग्य कृत्य होते. बायबलच्या स्तोत्रसंहितेतील स्तोत्र ८८ तर अंधारातच संपते. त्याला दिलाशाची एक ओळही जोडलेली नाही. असे स्तोत्र उपासनेसाठी जपून ठेवणाऱ्या लोकांना विश्वास कमी होता, असे कोण म्हणेल?

प्रतिसाद (सेवानिवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर)

आपली कळकळ समजते, पण निष्कर्ष मान्य नाही. प्रेषित पौल करिंथ येथील मंडळीस लिहिताना, मिसरच्या दास्यातून सुटून अरण्यात भटकणाऱ्या इस्राएल लोकांचे उदाहरण देऊन कुरकुर करू नका असे स्पष्ट बजावतो, आणि ते लोकही सुखात नव्हते, तहानभुकेने व्याकूळ होते. हबक्कूक संदेष्टाही ‘कोठवर’ असे विचारूनच सुरुवात करतो, परंतु तिसऱ्या अध्यायात तो अशा ठिकाणी पोहोचतो की अंजिराला फूल नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या आमच्या पिढीला या ओळींचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले, विवाहानंतर दोन वर्षांच्या आत, १८८२ मध्ये, पती गेले आणि १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमाही गेली. तरीही केडगावचे मुक्ती सदन आणि बायबलच्या भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्यांचा मृत्यू झाला, तोवर ते काम चालू होते. देवाने आधी कारण सांगावे, अशी अट त्यांनी घातली असती, तर केडगाव उभे राहिले नसते. दुःख झालेल्या माणसाला प्रश्न पडणारच, पण प्रश्नातच मुक्काम करण्याला विश्वास म्हणता येणार नाही.

प्रतिसाद (परिचारिका, विडी कामगाराची मुलगी)

दोघांनीही पुष्कळ वचने दिली, परंतु याकोबाच्या पत्रातील वचन कोणी दिले नाही: उघड्या आणि उपाशी भावाला ‘ऊब घे, तृप्त हो’ असे सांगून काही न देणाऱ्याचा उपयोग काय? त्या बांधवाला उपदेश करणाऱ्यांपैकी किती जण त्याच्याबरोबर डायलिसिसच्या रांगेत बसले?

आणखी एक गोष्ट मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. ‘विश्वास असेल तर औषध कशाला’ असे ऐकून क्षयरोगाच्या गोळ्या मध्येच सोडणारे रुग्ण मी पाहिले आहेत. उपचार अर्धवट राहिला की जंतू औषधांना दाद देईनासे होतात आणि तोच आजार घरातल्या मुलांनाही लागू शकतो. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता, पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितले. मग गोळी घेणे हा अविश्वास कसा ठरतो?

मूळ लेखकाचे उत्तर

ताईंचे म्हणणे पूर्णपणे मान्य आहे. गुरुजींना मात्र एवढेच सांगावेसे वाटते की अरण्यातील लोक देवाकडे पाठ फिरवून मिसर देशाकडे परत जाऊ पाहत होते, तर आमचा बांधव प्रार्थनासभेत, देवासमोर उभा राहून विचारत होता. प्रभू येशूनेही वधस्तंभावर ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ असेच विचारले. रमाबाईंचा धीर मी वंदनीय मानतो, पण तो त्यांनी स्वतः स्वीकारला होता, सभेनंतर कोणी त्यांच्यावर लादला नव्हता.

प्रतिसाद (सेवानिवृत्त शिक्षक)

लादू नये, हे मी मान्य करतो, आणि त्या बांधवाच्या घरी वडीलजनांपैकी कोणीतरी आधीच जायला हवे होते. तरीही पौलाकडे पाहा. देहातील काटा, म्हणजे त्याला सतत छळणारी पीडा, निघावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली; ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे उत्तर मिळाल्यावर मात्र काटा तसाच असताना तो आपल्या दुर्बलतेत संतोष मानू लागला. हे वळण पाळकांनी उपासनेत, माणसे धडधाकट असताना आणि माग चालू असताना शिकवले पाहिजे, कारण रुग्णालयाच्या दारात ते शिकवू गेल्यास ऐकणाऱ्याला त्यात फक्त दटावणीच ऐकू येते. आपण जाब विचारण्याचा हक्क जेवढा ठासून मांडलात, तेवढे या वळणाविषयी लिहिले नाहीत, आणि माझा मतभेद तेथेच आहे.