संस्थेतलं काम "आपलं" कधी वाटायला लागलं? अनुभव सांगा

खाडीपलीकडची
गणपतीची साफसफाई काढलीय, माळ्यावरच्या खोक्यात वाचन तपासणीचा जुना कागद सापडला. अक्षरं, शब्द, छोटा उतारा, गोष्ट. शिक्षणावर काम करणाऱ्या संस्थांतल्या लोकांना बघितल्या बघितल्या कळेल कसला ते. मी मुंबईत अकाउंट्सला होते, लग्न होऊन दापोलीकडे आले आणि जवळपास दुसरं काही नव्हतं म्हणून संस्थेत लागले, ध्येय वगैरे काही नाही. मानधन बेताचं, एसटीने फिरायचं, घरी सगळे विचारणार "पर्मनंट कधी करतायत?"
पाचवीतली एक मुलगी होती, वडील हर्णैला बोटीवर. अक्षरं ओळखायची पण जोडून शब्द होत नव्हता. आम्ही इयत्ता बाजूला ठेवून, जो जिथे अडलाय त्या गटात बसवून रोज शिकवायचो. शिमग्याच्या आसपास ती गोष्ट वाचायला लागली. मग एकदा तिच्या घरी गेले तर आजी सांगते, बँकेचं पत्र आलेलं ते नातीनेच वाचलं, आधार आणि फोटो घेऊन बोलावलंय एवढंच होतं. आधी असं पत्र आलं की वरच्या आळीत कोणाच्या तरी दारात उभं राहायला लागायचं, आणि घरात किती पैसे आहेत ते सगळ्या आळीला कळायचं. आपण रोज नक्की काय करतो ते मला त्या ओसरीवर समजलं. तुमचं सांगा.

कातळसडा
पट सात. शिक्षक दोन, त्यातले एक आंतरजिल्हा बदलीने घाटावर गेले. त्यांचं पण घर तिकडेच, आईवडील म्हातारे, मी त्यांना दोष देत नाही. पण मुलांनी दरवर्षी नवीन माणसाची सवय करायची म्हणजे काय ते इथे राहणाऱ्यालाच माहीत. मी गावातलीच, संस्थेची स्वयंसेवक म्हणून सकाळी शाळेत जाते, भातलावणीत सुद्धा जाते, लावणी उरकून. मी बदलून जाणार नाही हे मुलांना माहितीये, मला तेवढं बास आहे.

भरती_ओहोटी
देवगड. आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळची कुटुंबं येतात, पाऊस संपला की येतात आणि सीझन संपला की जातात. पोरं बागेतच. आम्ही बागायतदारांना भेटून भेटून पोरांना झेडपीच्या शाळेत बसवलं. दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही आणि वयाप्रमाणे वर्ग द्यायचा, हे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे, पण दर वेळी कोणीतरी जाऊन सांगायला लागतं, ते सांगणं हीच माझी नोकरी. नेपाळीची लिपी पण देवनागरीच, त्यामुळे तिकडे थोडी शाळा झालेला एक मुलगा पहिल्याच दिवशी फळ्यावरचं मराठी धडाधड वाचत सुटला, अर्थ एकाचाही कळत नव्हता! बाकीच्या पोरांनी मग हाताने करून दाखवत त्याला अर्थ सांगितले. त्या दिवशी शिकवायला मी नव्हतेच, पोरांनीच शिकवलं.

रानमेवा
@खाडीपलीकडची त्या मुलीचं पुढे काय झालं?? हर्णैला माझं माहेर. लिलावाला अजून तशीच गर्दी असते का हो

खाडीपलीकडची
बारावी झाली, आता फार्मसीला आहे. लिलाव तसाच, सुरमई मात्र परवडत नाही 😀

भट्टीवाट
रायगड, कातकरी वाड्या. दिवाळी झाली की घरांना कड्या, सगळे कोळशाच्या नाहीतर विटांच्या भट्टीवर. पोरांबरोबर शिक्षण हमी पत्रक द्यायचं असतं, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेत बसता येतं. कागद देऊन भागत नाही, तिकडच्या शाळेला फोन करायला लागतो, पोर पोचलं का, बसतंय का. मी एका बाईंना इतके फोन केले की शेवटी त्याच करायला लागल्या, "तुमचा मुलगा आज आला हो." माझा मुलगा! हे लिहिताना पण भरून येतंय.

जमाखर्च
फील्डवर नाही, ऑफिसात आहे, आमचं पण ऐका. 2013 च्या कंपनी कायद्यात मोठ्या कंपन्यांनी नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामाला द्यायचं आलं, त्यातनं प्रोजेक्ट मिळतात, पण ते ठरावीक वर्षांचे असतात आणि मूल काही प्रोजेक्टबरोबर पहिलीतनं चौथीत जात नाही ना. एका वाडीतलं फंडिंग संपलं तेव्हा आम्ही गणपतीत आलेल्या चाकरमान्यांसमोर हिशोब ठेवला, वाडीत शिकवणाऱ्या ताईंचं मानधन किती, पुस्तकं किती, सगळं. वाडीच्या मुंबई मंडळाने मानधन उचललं. मी देणगीदारांना करसवलतीसाठी लागणाऱ्या 80जीच्या पावत्या हाताने लिहिल्या त्या रात्री. ताईंचं मानधन महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गेलंच पाहिजे, यावर मी भांडते आणि भांडणार.

माडाखाली
मी सोडलं. काम आवडायचं, अजून आवडतं, पण स्वतःच्या मुलाची फी भरताना ओढाताण व्हायची. ज्यांना कामात अर्थ सापडलाय त्यांना पगार पण नीट मिळाला पाहिजे, नाहीतर चांगली माणसं अशीच जातात.

कातळसडा
@माडाखाली अगदी बरोबर बोललात. वाईट नका वाटून घेऊ, घर आधी.

जमाखर्च
+1. प्रपोजलमध्ये पगाराची ओळ सगळ्यात आधी कापतात, मी दर वेळी परत घालते.

सुरूबन
दापोलीजवळच्या मुरुडला वाढले, महर्षी कर्व्यांचं गाव. त्यांनी 1936 मध्ये, म्हणजे वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ज्या खेड्यात शाळाच नाही तिथे प्राथमिक शाळा काढायला मंडळ सुरू केलं. मला निसर्ग वादळानंतर हे फार आठवायचं. 3 जून 2020, लॉकडाऊनने शाळा आधीच बंद, त्यात कौलं उडाली, पुस्तकं भिजून लगदा, लाईट किती दिवस नाही. देवळाच्या मंडपात पोरं गोळा केली तर आयाच म्हणाल्या, आधी अभ्यास नको ताई, बोलू दे त्यांना. मग रोज नुसत्या गजाली, कोणाचा माड पडला, कोणाची पोफळी गेली, आणि तेच मोठ्या कागदावर लिहून त्यांच्याकडून वाचून घेतलं. भिजलेल्या पुस्तकांच्या जागी तेच कागद.

रानमेवा
आमच्या पण सगळ्या पोफळी गेल्या, बाबा महिनाभर बागेत गेले नाहीत 😞

भरती_ओहोटी
@सुरूबन ता वाचून काळजात हललां गो. त्या कागदांचे फोटो असतील तर टाका, नेपाळी पोरांबरोबर मला असंच करून बघायचंय.

सुरूबन
आहेत, पोरांना जेवायला वाढून टाकते. तुमच्याकडे मोठा कागद मिळतो का? नाहीतर दापोलीतनं गड्डी पाठवते, एसटीच्या पार्सलने.

भरती_ओहोटी
पाठवा पाठवा, पैसे जीपे करते.