मदत हवी आहे: गोमाशांनी म्हशी हैराण, एकीला सर्राची शंका

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. तीन म्हशी आहेत. घराखाली व्हाळ, आणि पाऊस जरा उघडून ऊन पडलं की काठच्या चिखलातून गोमाशा उठतात. यंदा फारच झाल्यात.

मधमाशीपेक्षा मोठी, करडी, डोळे हिरवट चमकणारे. डास टोचतो, ही कातडी कापते. उठून गेली तरी म्हशीच्या पोटावर रक्ताचा थेंब ओघळत राहतो, त्यावर साध्या माशा जमतात. परवा धार काढताना आईनं कासेजवळची एक हाकलली, ती सरळ आईच्या मनगटावर. सूज उतरली, पण रुपयाएवढा भाग चौथ्या दिवशीही कडक आहे, खाजतो.

खरी काळजी मधल्या म्हशीची. अंग तापतं, दोन दिवस बरी, पुन्हा तापतं. वैरणीला तोंड लावत नाही, दूध निम्म्यावर आलंय. गुरांच्या डॉक्टरांना सर्राची, म्हणजे रक्तात जंतू होऊन येणाऱ्या तापाच्या रोगाची, शंका आहे. रक्त तपासायला दिलंय, निकाल यायचाय. ते म्हणाले, हे जंतू गोमाशीच्या पोटात वाढत नाहीत. अर्धवट पिऊन उठलेली माशी तोंडाला लागलेल्या ओल्या रक्तासकट शेजारच्या जनावरावर बसते, तिथंच लागण होते. ऐकून पोटात गोळा आला. आमच्या तिन्ही म्हशी एकाच दावणीला, हातभर अंतरावर, आणि आम्ही दिवसभर एकीवरची माशी हाकलून दुसरीवर घालतोय!

आजारी म्हैस परड्यात २० पावलांवर बांधलीय. एवढं अंतर पुरेल का? संध्याकाळी कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करतो, पण ही चावते भर उन्हात, मग धूर दुपारी करायचा का? करंजाचं तेल चोळून कुणाला गुण आलाय का, आणि दुधाला वास लागतो का? काळ्या, हलत्या वस्तूवर ती झेपावते हे पाहिलंय. काळा रेनकोट सोडून पांढरा सदरा घातल्यापासून मला कमी चावतात. म्हणून काळा चेंडू टांगून त्याला चिकट लावायचा सापळा करावा म्हणतो. कुणी केला असेल तर चिकट कुठलं वापरलंत, आणि आपल्याकडच्या पावसात ते टिकतं का, तेवढं सांगा.

माणसाला सर्रा सहसा होत नाही म्हणे. तरी आईच्या मनगटाचं काय करावं? थंड पाण्याच्या घड्या चालू आहेत.