मदत हवी आहे : मूत्रपिंडातील पुनर्शोषण वर्गात कसे दाखवावे?

नमस्कार. मी सातवी-आठवीच्या मुलांना विज्ञान शिकवते. मूत्रपिंडाचे कार्य समजावताना मी नेहमीप्रमाणे चहाची गाळणी वर्गात नेली आणि चोथा वर राहतो तशा रक्तपेशी व प्रथिने रक्तातच राहतात, असे सांगितले. तेव्हा एका मुलीने विचारले, "बाई, चहातली साखर तर गाळणीतून खाली जाते, मग लघवी गोड का नसते?"

प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा होता. दोन्ही मूत्रपिंडांत मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो, पण लघवी साधारण दीड लिटरच होते. उरलेले पाणी, जवळजवळ सगळे ग्लुकोज आणि बहुतांश क्षार नेफ्रॉनच्या (मूत्रपिंडातील रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म एककाच्या) नलिकेतून परत रक्तात घेतले जातात; हेच पुनर्शोषण. रक्तातील साखर फार वाढली, की नलिकेची ही क्षमता अपुरी पडते आणि साखर लघवीत उतरते. हे मी तिला तोंडी सांगितले, पण तिच्या चेहऱ्यावरून ते पुरते पोहोचले नाही हे कळत होते.

गाळणे दाखवता येते; गाळलेल्यातून हवे तेवढेच परत उचलणे कसे दाखवावे, हे मला सुचत नाही. स्पंज वापरून पाहिला, परंतु तो सगळेच शोषतो, निवड करत नाही. घरगुती साहित्यातून असा प्रयोग किंवा खेळ कोणी वर्गात करून पाहिला असल्यास कृपया सविस्तर लिहावे. पुढच्या सोमवारी याच धड्याची उजळणी आहे.