मदत हवी आहे: मासिक सदस्यांची गळती कशी थांबवायची?

नमस्कार मंडळी. यूट्यूब चॅनेलच्या सदस्यत्वाबद्दल (म्हणजे दरमहा पैसे भरणाऱ्या सदस्यांबद्दल, फुकटच्या सबस्क्रायबर्सबद्दल नाही) अनुभवी लोकांचा सल्ला हवा आहे. लांब व्हिडिओवरच्या जाहिरातींतून ५५ टक्के आणि शॉर्ट्समधून ४५ टक्के वाटा मिळतो, सदस्यत्वात मात्र ७० टक्के. त्यामुळे भर सदस्यांवरच द्यायचा हे पक्कं आहे. अडचण गळतीची आहे. महिन्याला १० टक्के सदस्य गळत असतील, तर ३०० पैकी वर्षअखेर जेमतेम ८५ उरतात. नवे कितीही आणा, भोक पडलेल्या घागरीत पाणी ओतल्यासारखं होतं.

सगळे स्वतःहून सोडून जात नाहीत, हे आधी लक्षात घ्या. कार्डची मुदत संपते, बँक व्यवहार नाकारते आणि सदस्यत्व आपोआप बंद पडतं. अशांना कम्युनिटी पोस्टमधून आठवण करून द्यावी का? की ते इतरांना खटकतं?

दुसरं, सध्या सदस्यत्वाचे वेगवेगळ्या किमतीचे तीन स्तर आहेत. मधल्या स्तराला दर आठवड्याला खास व्हिडिओ कबूल केलाय, आणि त्यात मुख्य व्हिडिओचा वेळ जातो. माझ्या मते दोनच स्तर ठेवून महिन्याला एक थेट प्रश्नोत्तरं पुरेत. पण कबूल केलेलं कमी करताना जुन्या सदस्यांना किती आधी कळवावं? कुणी असा बदल केला असेल तर नेमके टप्पे सांगा, प्लीज.